मॉडेल किटचा गोंद आला कुठून?

गणपतीची मखरं करणाऱ्या बडोद्यातल्या मराठी घरांत एक गोष्ट पोरांनाही ठाऊक असते. थर्मोकोलला फेविकॉल चालतो, चपला-बुटांना लावायचं पिवळं सोल्युशन चालत नाही. ते लावलं की थर्मोकोल जागीच विरून खड्डा पडतो. विमानं, जहाजं, रणगाडे यांची प्लास्टिकची किट बहुतेक याच पदार्थाची, म्हणजे पॉलिस्टायरीनची असतात. थर्मोकोलमध्ये ते फुगवलेलं असतं, किटमध्ये घट्ट, एवढाच फरक. मखराची वाट लावणारा गुणच किट जोडताना कामी येतो. तरीही रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात पहिलं किट उघडणारा मुलगा आधी फेविक्विक शोधतो, कारण घरात तेच असतं. किटचा गोंद निराळा का, हे कळायला जरा मागे जावं लागतं.

प्लास्टिकच्या किटआधी हौशी विमानं बाल्सा लाकडाची असत आणि ती सेल्युलोज नायट्रेटच्या चिकट द्रावाने जोडली जात. 1936 मध्ये इंग्लंडमध्ये फ्रॉग कंपनीची ‘पेंग्विन’ मालिका आली. ही 1:72 प्रमाणातली विमानं प्लास्टिक किटची पहिली पिढी मानली जातात. त्यांचं प्लास्टिक सेल्युलोज अ‍ॅसिटेट होतं. ते दमट हवेत ओलावा ओढून घेई, काळाने पंख वाकत आणि सांधे उकलत. त्या प्लास्टिकबरोबर त्याचा गोंदही मागे पडला.

पॉलिस्टायरीनचं व्यापारी उत्पादन जर्मनीत 1931 च्या सुमारास सुरू झालं होतं, पण खेळण्यांच्या धंद्यात ते शिरलं युद्धानंतर. गरम केलं की ते साच्याच्या बारीकसारीक रेषांत सहज वाहतं, पाणी जवळजवळ शोषत नाही आणि स्वस्त पडतं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने ‘गोल्डन हाइंड’ हे छोटं जहाज पॉलिस्टायरीनमध्ये काढलं. ते वूलवर्थच्या दुकानांत पिशवीत घालून दोन शिलिंगांना विकलं जाई. पॉकेटमनीत बसणारा छंद इथून खऱ्या अर्थाने सुरू झाला.

आणि पॉलिस्टायरीनचा स्वभाव असा की टोल्युईन, अ‍ॅसिटेट, किटोन अशा कितीतरी द्रावकांत ते विरघळतं. किटचा गोंद म्हणजे मुळात असा द्रावक. तो दोन्ही भागांचा पृष्ठभाग मऊ करतो. तिथल्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या मोकळ्या होतात आणि भाग दाबून धरले की एकमेकींत गुंततात. द्रावक उडून गेला की मध्ये गोंदाचा वेगळा थर राहत नाही, राहतं ते सलग प्लास्टिक. म्हणून पंखाचा सांधा पाच मिनिटांत हाताला पक्का वाटला तरी आतला द्रावक बाहेर पडायला वेळ घेतो. एक दिवस थांबून मगच पॉलिश पेपर लावावा. घाईत घासलेला सांधा नंतर आक्रसतो आणि रंगाखाली बारीक चर दिसते. त्याच कारणाने रंगवलेल्या कडा जोडण्याआधी खरवडाव्या लागतात, नाहीतर द्रावक प्लास्टिकपर्यंत पोचतच नाही.

सुरुवातीच्या दशकांत हा गोंद ट्यूबमध्ये मिळे. द्रावक पातळ, म्हणून तो घट्ट करायला त्यातच पॉलिस्टायरीन विरघळवलेलं असे. तोंडाशी कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटत, जास्त लागला की बारीक कोरीवकाम विरून जाई आणि किटच्या पारदर्शक भागावर गोंदाचं बोट लागलं तर ठसा कायमचा. एका पिढीने हे सगळं सोसून मॉडेलं केली, याबद्दल मला मनापासून आदर आहे.

ट्यूबचा इतिहास पुढे एका दुःखद वळणावर गेला. 1959 पासून अमेरिकेत मुलं मॉडेलचा गोंद हुंगून नशा करतात अशा बातम्या येऊ लागल्या. टोल्युईनची वाफ मेंदूवर परिणाम करते, हे त्यामागचं कारण. 1960 च्या दशकाच्या अखेरीस टेस्टर्स कंपनीने आपल्या गोंदात मोहरीच्या तेलातला झणझणीत घटक, अलाइल आयसोथायोसायनेट, मिसळायला सुरुवात केली. फोडणीच्या वेळी राईचा ठसका नाकात गेलेल्या कोणालाही या युक्तीमागचा विचार लगेच कळेल: हुंगणाऱ्याला तो सहन होऊ नये. नंतर टोल्युईनविरहित ट्यूबही आल्या आणि काही गोंदांत संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन आलं. ते पॉलिस्टायरीन विरघळवतं, पण सावकाश. वासही सुसह्य असतो, म्हणून लहान मुलासोबत बसायचं तर मी तोच सुचवेन.

खरा बदल घडवला पातळ द्रवाने. जपानच्या तामियाची हिरव्या झाकणाची एक्स्ट्रा थिन बाटली आज बहुतेकांच्या टेबलावर असते. त्यात मुख्यतः ब्युटाइल अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिटोन असतं. ती वापरायची रीतच उलटी आहे. आधी भाग कोरडेच जुळवून धरायचे, मग झाकणातल्या ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं. द्रव केशाकर्षणाने फटीत धावत जातो, बघता बघता सगळी रेघ ओली होते. पाच-दहा सेकंदांनी हलकेच दाबलं की सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर येते. ती कड दिसली की सांधा भरला. वाळल्यावर तेवढीच घासून टाकायची, फट भरायची पुटी क्वचितच लागते. बडोद्याच्या मे महिन्यात मात्र द्रव इतका झपाट्याने उडतो की लांब सांधा एकदम न करता इंचाइंचाने करावा लागतो.

आता फेविक्विकबद्दल. त्यातलं सायनोअ‍ॅक्रिलेट हाती लागलं ते बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना. 1942 मध्ये ईस्टमन कोडॅकच्या हॅरी कूव्हर यांनी ते सगळ्यालाच चिकटतं म्हणून बाजूला ठेवलं. 1951 मध्ये त्याच गुणाचं मोल लक्षात आलं आणि 1958 मध्ये ‘ईस्टमन 910’ बाजारात आलं. ते हवेतल्या ओलाव्याने पकडतं, म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात भाग सरळ करायलाही वेळ मिळत नाही. पितळेचे कोरीव भाग आणि रेझिनचे सुटे तुकडे यांना ते हवंच, तिथे द्रावक काहीच करत नाही. पॉलिस्टायरीनच्या मुख्य सांध्यांना मात्र ते लावू नये. सांधा ठिसूळ राहतो, आडवा धक्का बसला की सुटतो आणि वाळलेली रेघ प्लास्टिकहून टणक असल्याने घासताना आजूबाजूचंच झिजतं.

इतकी माहिती असूनही इथे चुकीचा गोंद लागतो, त्याचं एक साधं कारण आहे. द्रावकाचा गोंद ज्वलनशील, त्यामुळे तो साध्या विमान टपालाने पाठवता येत नाही. परदेशातून किट येतं, बाटली मागे राहते. त्यात बडोदं पडलं रसायनांचं शहर. कोयलीची रिफायनरी 1965 ची, आयपीसीएल हा पेट्रोकेमिकल्सचा कारखाना 1969 चा. घरटी कोणीतरी काका-मामा प्लांटमध्ये असायचाच, त्यामुळे द्रावकांची नावं इथल्या मुलांना परकी नाहीत. मग कोणी हार्डवेअरच्या दुकानातलं रंग पातळ करायचं एनसी थिनर आणतं, कोणी अ‍ॅक्रिलिकचे बोर्ड करणाऱ्याकडून एमडीसी किंवा क्लोरोफॉर्म. तो कारागीर सिरिंजने ते फटीत सोडतो आणि क्षणात शीट जुळते, हे पाहून मोह होतो. किटही जुळतं, खोटं नाही. पण थिनरमधलं मिश्रण दर डब्याला वेगळं असू शकतं, आणि एमडीसी म्हणजे डायक्लोरोमिथेन, ज्याच्या बहुतेक वापरांवर अमेरिकेने 2024 मध्ये बंदी घातली. बंद खोलीत, पंखा न लावता, मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर ते उघडणं चूक आहे. योग्य बाटली महाग वाटते, पण थेंबाथेंबाने लागते आणि वर्षभर पुरते.

गनप्लाची, म्हणजे गंडम या जपानी मालिकेतल्या यंत्रमानवांच्या किटची हौस असलेल्यांना थोडं वेगळं सांगायला हवं. जुलै 1980 मध्ये आलेल्या पहिल्या गनप्लाला गोंद लागत असे, आता भाग नुसते दाबून बसतात. काही सांध्यांचे भाग एबीएस नावाच्या वेगळ्या प्लास्टिकचे असतात, तेच जे आपल्या नंदेसरीत बनतं. त्यावर पॉलिस्टायरीनचा गोंद कमी जोमाने काम करतो.

राहिला पांढरा गोंद. पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचा शोध जर्मन रसायनज्ञ फ्रिट्झ क्लाटे यांनी 1912 मध्ये लावला, आपल्याकडे ते 1959 पासून फेविकॉल म्हणून घराघरांत गेलं. विमानाच्या कॅनोपीला, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाला, याच्याइतकं चांगलं काही नाही. द्रावक काच धूसर करतो, सायनोअ‍ॅक्रिलेटच्या वाफेने तिच्यावर पांढरी साय धरते. फेविकॉल पारदर्शक वाळतो आणि चुकलं तर ओल्या कापसाने पुसता येतो. बडोद्याच्या माणसाने करावंच असं एक मॉडेल आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या रॉयल एअर फोर्सच्या 124 व्या, ‘बडोदा’ नाव लाभलेल्या स्क्वाड्रनचं स्पिटफायर हे लढाऊ विमान. 1942 मध्ये तिच्याकडे उंचावर उडणारं मार्क 6 जातीचं स्पिटफायर होतं. त्याचं कॉकपिट हवाबंद असे आणि कॅनोपी जमिनीवरचे कर्मचारी बाहेरून बसवत, ती उडताना सरकवता येत नसे. तेव्हा या मॉडेलची कॅनोपी उघडी ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. काडीच्या टोकाने कडेला फेविकॉलची बारीक रेघ द्या आणि बंदच बसवा.