रहस्यकथेतल्या बंदुका आणि मागे राहिलेले शब्द

डॅशिएल हॅमेटच्या ‘द माल्टीज फाल्कन’ या १९३०च्या कादंबरीत गुप्तहेर सॅम स्पेड खुनात वापरलेलं हत्यार ओळखतो: वेब्ली-फॉसबरी ऑटोमॅटिक रिव्हॉल्व्हर, अडतीसचं (हे नळीच्या रुंदीचं माप), आठ बारांचं. १९४१ साली या कादंबरीवर चित्रपट निघाला. त्यात स्पेडचं काम करणाऱ्या हम्फ्री बोगार्टच्या तोंडी तेच हत्यार पंचेचाळीसचं झालं, बार मात्र आठच राहिले. या रिव्हॉल्व्हरच्या मोठ्या नमुन्यात सहाच काडतुसं बसत. आठ बसत ती अडतीसच्या नमुन्यात. हॅमेटने बरोबर लिहिलं होतं. पटकथेत एक आकडा बदलला आणि दुसरा तसाच राहून गेला.

त्या संवादातला जो शब्द आज खटकतो, तो मात्र चूक नाही. ‘ऑटोमॅटिक रिव्हॉल्व्हर’ ऐकून जाणकार वाचक हसतो, कारण एरवी हे दोन वेगळे प्रकार आहेत. पण १९०१पासून बनू लागलेल्या या हत्याराची रचनाच तशी होती. बार उडाला की धक्क्याने वरचा भाग मागे सरके आणि काडतुसं धरणाऱ्या चक्रावरच्या नागमोडी खाचांमुळे ते चक्र आपोआप फिरे. त्याला सेफ्टी, म्हणजे चुकून बार उडू नये यासाठीचा खटकाही होता. ‘त्याने रिव्हॉल्व्हरची सेफ्टी काढली’ हे वाक्य बहुतेक ठिकाणी चूक असतं, कारण रिव्हॉल्व्हरला सहसा सेफ्टी नसते; इथे ते बरोबर ठरतं.

कथा-कादंबऱ्यांतल्या आणि मालिकांतल्या बंदुकांच्या चुकांचा विचार करताना मला हेच महत्त्वाचं वाटतं. आळसातून झालेल्या चुका आहेतच. पण आपण ज्यांना चुका म्हणतो, त्यांतले बरेच शब्द एके काळी कारखान्याचे, जाहिरातीचे किंवा सैनिकांचे स्वतःचे शब्द होते. हत्यार बदललं, शब्द मागे राहिला.

‘ऑटोमॅटिक’चंच पाहा. आज त्याचा अर्थ चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात, असा घेतला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र पुढचं काडतूस आपोआप नळीत चढतं, एवढंच त्यातून सांगायचं असे. कोल्ट कंपनी आपल्या पिस्तुलांना ऑटोमॅटिकच म्हणत होती. अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेल्या पिस्तुलाच्या अधिकृत नावातही तोच शब्द होता. त्याच्या काडतुसाला आजही ‘.४५ एसीपी’ म्हणतात, म्हणजे ‘ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल’. १९३०च्या कथेतल्या पात्राने आपल्या पिस्तुलाला ‘ऑटोमॅटिक’ म्हटलं, तर ते त्याच्या काळाचं बोलणं आहे. आजच्या कथेतला पोलीस अधिकारी तसं म्हणाला, तर वाचक गोंधळणारच.

सर्वांत जास्त वाद होतो तो ‘क्लिप’ आणि ‘मॅगझिन’वरून. मॅगझिन ही पेटी. तिच्यातली स्प्रिंग काडतुसं एकेक करून वर ढकलते. शब्दाचं मूळ अरबी ‘मखझन’, म्हणजे कोठार. नियतकालिकाला मॅगझिन म्हणतात तेही त्याच मुळावरून, लेखांचं कोठार म्हणून. क्लिप म्हणजे काडतुसांची बुडं एकत्र धरून ठेवणारी धातूची पट्टी किंवा चिमटा. तिच्यात स्प्रिंग नसते. जेम्स पॅरिस ली या शस्त्ररचनाकाराने १८७९ साली काढून घेता येणाऱ्या पेटीचं पेटंट मिळवलं. पुढच्या दहा वर्षांत युरोपात मानलिखर आणि माउझर यांच्या रायफलींनी क्लिपने भरण्याची पद्धत रुजवली. दोन्ही पद्धती पुढे कित्येक दशकं शेजारी-शेजारी नांदल्या. १८९६च्या माउझर पिस्तुलात पेटी चापाच्या पुढे पक्की बसवलेली असे आणि वरून दहा काडतुसांची क्लिप लावून ती भरत. १९३६ साली अमेरिकी सैन्याने घेतलेल्या गॅरंड रायफलीत तर आठ काडतुसांची अख्खी क्लिपच आत जाई. शेवटची गोळी सुटली की रिकामी क्लिप खणकन आवाज करत बाहेर उडे. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या हाताला ही क्लिप रोजची झाली होती. तो शब्द पुढे प्रत्येक पेटीला चिकटला, यात त्या सवयीचा वाटा मोठा असावा, असं मला वाटतं. तरीही आजच्या पिस्तुलात ‘नवी क्लिप घातली’ असं लिहू नये, कारण जे घातलं ते मॅगझिन आहे.

गोळी आणि काडतूस यांची गल्लतही अशीच जुनी. ठासणीच्या बंदुकीत दारू वेगळी आणि गोळी वेगळी भरत, त्यामुळे तिथे ‘गोळी भरली’ हे शब्दशः खरं होतं. १८५७च्या उठावाशी ज्यांचं नाव जोडलं गेलं, ती एनफिल्डची काडतुसं म्हणजे दारू आणि गोळी एकत्र गुंडाळलेली कागदी पुडी. ती दातांनी फाडावी लागे, आणि चरबीचा प्रश्न त्यातूनच पेटला. त्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने धातूच्या काडतुसांचं रिव्हॉल्व्हर विकायला काढलं. धातूच्या काडतुसात गोळी, दारू आणि दारू पेटवणारी टोपी एकाच नळकांड्यात आली. मराठी वर्तमानपत्रांच्या गुन्हेवार्तेत हा फरक नेमका सांभाळलेला असतो: जप्त होतात ती जिवंत काडतुसं, अंगात घुसते ती गोळी, जमिनीवर सापडते ती रिकामी पुंगळी. कादंबरीत मात्र जमिनीवर ‘गोळ्या’ विखुरलेल्या असतात.

‘सायलेन्सर’ या शब्दावरही टीका होते आणि ‘सप्रेसर’ म्हणजे आवाज नुसता दाबणारा म्हणा, असा आग्रह धरला जातो. पण हायरम पर्सी मॅक्झिमने १९०९ साली पेटंट घेऊन जे उपकरण बाजारात आणलं, त्याला त्यानेच सायलेन्सर म्हटलं होतं. मशीनगनचा जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम हा त्याचा बाप. अमेरिकेच्या १९३४च्या शस्त्रकायद्यातही हाच शब्द आहे. त्यामुळे शब्दाला दोष देता येत नाही. दोष आहे तो पडद्यावरच्या ‘फुस्स’ आवाजाचा. रायफलीचा बार साधारण १६० डेसिबलचा असतो. हे उपकरण त्यातले वीस ते पस्तीस कमी करतं, म्हणजे उरलेला आवाजही दणदणीतच. शिवाय ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी गोळी हवेत स्वतःचा कडाका काढते, तो नळीच्या टोकाला काहीही लावलं तरी थांबत नाही. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावलेला दाखवतात तेही असंच फोल, कारण चक्र आणि नळी यांच्यातल्या फटीतून वायू निसटतो. बार उडताना ती फट बंद करणारं १८९५चं रशियन नागान हा अपवाद.

‘बोर’ आणि कॅलिबर थोडक्यात: बारा बोरच्या बंदुकीची नळी एवढी रुंद की, तीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. कॅलिबर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप; ‘पंचेचाळीस’ म्हणजे इंचाचे शंभरांश, ०.४५ इंच. ४५ मिलिमीटर म्हटलं की ती तोफ झाली.

जाणकाराचा सल्ला घेतला तरी सगळं सुरळीत होतंच असं नाही. १९५६ साली बंदुकांचे अभ्यासक जेफ्री बूथरॉइड यांनी इयान फ्लेमिंगला पत्र लिहून कळवलं की, जेम्स बाँडचं छोटं बेरेटा पिस्तूल त्याला शोभत नाही. त्यांनी स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्व्हर आणि त्यासाठी बर्न्स-मार्टिनची म्यान (होल्स्टर) सुचवली. फ्लेमिंगने सल्ला मनापासून घेतला. १९५८च्या ‘डॉक्टर नो’मध्ये बूथरॉइड नावाचा शस्त्रतज्ज्ञच उभा केला आणि बाँडच्या हाती वॉल्थर पीपीके हे पिस्तूल दिलं. म्यान मात्र बर्न्स-मार्टिनचीच ठेवली. ती रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेली होती.

‘हवेत कॉर्डाइटचा वास भरून राहिला होता’ हेही आजच्या कथांतून जायला हवं. कॉर्डाइट ही १८८९ सालची, दोरीसारख्या कांड्यांची ब्रिटिश दारू. दोन्ही महायुद्धांत ती भरपूर वापरली गेली, पण आजच्या पिस्तुलांच्या काडतुसांत ती नसते.

काही चुका मात्र केवळ कल्पनेतून आल्या. १९९०च्या ‘डाय हार्ड २’मध्ये ‘ग्लॉक ७’ नावाच्या जर्मन, चिनीमातीच्या, क्ष-किरणांत न दिसणाऱ्या पिस्तुलाचा उल्लेख आहे. असा नमुनाच नाही. ग्लॉक ऑस्ट्रियाचं, त्याचा सांगाडा पॉलिमरचा (एक प्रकारचं प्लॅस्टिक), आणि नळी व वरची सरकपट्टी पोलादी, म्हणून ते क्ष-किरणांत दिसतं. प्लॅस्टिकच्या पिस्तुलांची धास्ती तेव्हा इतकी होती की, अमेरिकेने १९८८ साली त्यासाठी कायदाही केला होता.

मराठी अनुवादात यात आपल्या एका शब्दाची, ‘घोडा’ची, भर पडते. चाप बोटाने ओढतात. घोडा मागे असतो आणि चाप ओढल्यावर तो आपटतो. जुन्या बंदुकीत तो अंगठ्याने मागे ओढावा लागे, तेव्हा ‘त्याने घोडा चढवला’ हे वाक्य अचूक होतं. पुढे चापालाच सर्रास घोडा म्हणू लागले. ग्लॉकमध्ये घोडा नसतोच, आत स्प्रिंगवर चालणारी खीळ असते. मूळ इंग्रजी लेखकानेही तिथे घोडा चढवल्याचा आवाज ऐकवलेला असतो. अशा ठिकाणी अनुवाद करताना ते वाक्य मी गाळतो आणि पात्राला सरळ चाप ओढू देतो.