वीतभर पाना आणि चार टनांची पकड

मोटारीबरोबर मिळणारा चाकाचा पाना बहुधा एल आकाराचा, वीत-सव्वा वीत लांबीचा आणि स्टेपनीच्या कप्प्यात सहज मावेल एवढाच असतो. त्याची लांबी ठरवताना कप्प्याचा विचार अधिक आणि रस्त्याच्या कडेला तो वापरणाऱ्या माणसाचा विचार कमी झाला असावा, असे मानायला जागा आहे. पंक्चर झालेल्या चाकाचा नट हलेनासा झाला की आपलीच ताकद कमी पडली असे पुष्कळांना वाटते. पण हिशेब मांडून पाहिला तर दोष बहुतेक वेळा पान्याच्या लांबीकडे जातो, आणि काही वेळा तो नट आधी ज्याने आवळला त्याच्याकडे.

नटावर पडणारा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, हा लावलेले बल आणि नटाच्या मध्यापासून हातापर्यंतचे अंतर यांच्या गुणाकाराइतका असतो व तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. लहान आणि मध्यम मोटारींच्या चाकांचे नट साधारणपणे ८० ते १२० न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचे असतात. नेमका आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. १०० न्यूटन-मीटर टॉर्क मिळवण्यासाठी २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर ४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४० किलो वजनाइतके बल लावावे लागते, तर ५० सेंटिमीटरच्या पान्यावर त्याच्या निम्मे पुरते. शिवाय हे बल दांड्याशी काटकोनात असले तरच पूर्ण कामी येते. ते ४५ अंशांत तिरके पडले, तर त्यातले सुमारे ७० टक्केच नट फिरवण्याच्या उपयोगाचे असते.

एवढा पीळ देऊन आपण नेमके काय साधतो, हे पाहण्यासारखे आहे. गाडीचे चाक स्टडवर, म्हणजे ज्यावर नट बसतो त्या आटे पाडलेल्या खिळीवर, खुंटीसारखे टांगलेले असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात नट आवळला जाताना पोलादी स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि पुन्हा आखडू पाहताना चाकाला हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागाच्या, पृष्ठभागावर दाबून धरतो. १२ मिलिमीटर व्यासाच्या स्टडवरचा नट १०० न्यूटन-मीटरपर्यंत आवळला, तर आटे कोरडे व स्वच्छ असताना हा दाब सुमारे ४०,००० न्यूटन, म्हणजे चार टन वजनाइतका भरतो. पाच नटांचा मिळून तो २० टनांच्या घरात जातो. या दाबामुळे चाक आणि हब यांच्यात जे घर्षण निर्माण होते, तेच गाडीचे वजन, ब्रेकचा झटका आणि खड्ड्याचा दणका पेलते. स्टडवर आडवा भार येऊ नये, अशीच ही रचना आहे.

ही सगळी पकड ज्या ताणावर उभी आहे, त्यात स्टडची लांबी किती वाढते? मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. म्हणूनच चाक आणि हब यांच्यामध्ये गंजाची खपली, वाळलेला चिखल किंवा रंगाचा जाड थर राहिला, तर तो चालत्या गाडीत दबून चुरा होतो आणि तेवढ्यानेही ताण बराचसा नाहीसा होऊ शकतो. पकड ढिली झाली की चाक हबवर सूक्ष्म प्रमाणात आडवे सरकू लागते. घट्ट बसलेला नट केवळ उभ्या धक्क्यांपेक्षा अशा आडव्या सरकण्याने किती लवकर सैल होतो, हे गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिले होते. चाक बसवण्यापूर्वी हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून पुसून घेणे हे त्यामुळे वरवरचे सोपस्कार नव्हेत.

आता खोलण्याकडे वळू. नटाला दिलेल्या टॉर्कपैकी जवळजवळ ९० टक्के भाग घर्षणावर मात करण्यातच खर्च होतो, त्यातला साधारण निम्मा नटाच्या बैठकीवर आणि उरलेला आट्यांमध्ये. स्टड ताणण्यासाठी दहाएक टक्केच उरतात. नट उलटा फिरवताना ताणलेला स्टड उलट आपल्याला मदत करतो. त्यामुळे १०० न्यूटन-मीटरने आवळलेला स्वच्छ नट ८० च्या आसपास सुटायला हवा. तरीही तो जाम का होतो? एक तर आट्यांत गंज धरतो. दुसरे म्हणजे, हवेच्या दाबावर किंवा विजेवर चालणाऱ्या ठोक्याच्या यंत्राने घाईत आवळलेला नट नेमून दिलेल्या टॉर्कच्या कितीतरी पुढे गेलेला असू शकतो, आणि त्याची जाणीव पुढचे पंक्चर होईपर्यंत कोणालाच होत नाही.

यावर उपाय म्हणून आट्यांना तेल लावण्याचा मोह होतो. आटे कोरडे ठेवायला सांगितलेले असतील तर तो टाळावा. तेलाने घर्षण घटते आणि तोच टॉर्क दिला तरी स्टडवरचा ताण सहज तिसऱ्या हिश्शाने वाढू शकतो, म्हणजे पाना १०० दाखवत असताना स्टड मात्र १३० चा भार सोसत असतो.

पाना विकत घेताना पहिली गोष्ट मापाची. मोटारींना बहुधा १७, १९ किंवा २१ मिलिमीटरचे तोंड लागते, पण अंदाजाने न घेता ते आपल्या नटावर बसवून पाहावे, आणि स्टेपनीचे नट वेगळे असतील तर त्यांच्यावरही. तोंड षट्कोनी असावे. बारा कोनांचे तोंड नटावर चटकन बसते खरे, परंतु त्याचा जोर नटाच्या कोपऱ्यांलगत पडतो, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे एकदा गोल झाले की पुढे कोणताच पाना धरत नाही. दांडा ५० ते ६० सेंटिमीटरचा किंवा तेवढा लांबवता येणारा असला, की खोलण्याचा प्रश्न बव्हंशी सुटतो. क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचा पाना या कामाला चांगला. मऊ धातूच्या स्वस्त पान्याचे तोंड पहिल्याच जाम नटावर फाकते.

क्रॉस पान्याची, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या चार हातांच्या पान्याची, गोष्ट जरा वेगळी आहे. त्याचे हात फार लांब नसतात. पण एका हाताने एक बाजू खाली दाबून दुसऱ्या हाताने समोरची बाजू वर ओढली, की दोन समान आणि विरुद्ध बलांचे बलयुग्म तयार होते. त्यात निव्वळ पीळ असतो, नटाला एका बाजूला ढकलणारे बल उरत नाही. एल आकाराच्या पान्यात हात नटाच्या पातळीपासून थोडा बाहेर राहतो, म्हणून दाब देताना तोंड तिरके होऊन निसटू पाहते आणि बोटांची सालटी निघतात. माझे मत विचाराल तर जागा असेल त्याने क्रॉस पाना ठेवावा, आणि नसेल त्याने लांबवता येणारा.

नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, कारण तेव्हा टायरचे जमिनीशी असलेले घर्षण चाक फिरू देत नाही. जॅकवर उचललेल्या गाडीवर एवढा जोर लावणे धोक्याचे आहे. नेहमीचे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळले जाणारे, आटे असतील तर पान्याचा दांडा नटाच्या डाव्या बाजूला आडवा येईल असा बसवून खाली दाबावे, म्हणजे शरीराचे वजन आपोआप कामी येते आणि कमरेवर ताण पडत नाही. हाताने भागले नाही तर पायाने सावकाश दाबावे, उड्या मारू नयेत. अर्धा-पाऊण फेरा सुटला की थांबून मग गाडी उचलावी.

आवळताना मात्र हाच लांब दांडा घात करतो. ७० किलो वजनाचा माणूस ५० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर नटावर सुमारे ३५० न्यूटन-मीटर टॉर्क पडतो, म्हणजे हव्या त्याच्या तिप्पट-चौपट. स्टड कायमचा ताणला जायला किंवा आटे मारले जायला तेवढे पुरेसे आहे. म्हणून नट आधी बोटांनी, निमुळती बाजू चाकाकडे ठेवून, जातील तेवढे फिरवावेत, मग पान्याने एकाआड एक, चांदणी काढावी तसे, हलकेच बसवावेत आणि गाडी खाली घेतल्यावर त्याच क्रमाने अखेरचे आवळावेत. ओळीने आवळत गेल्यास चाक एका अंगाला कलून बसते.

अखेरच्या आवळणीसाठी टॉर्क पाना वापरणे सर्वांत खात्रीचे. ठरवलेला आकडा आला की त्यातली कळ टक् असा आवाज करून निसटते. तो आवाज आल्यावर पुन्हा दाबायचे नसते. जाम नट खोलायला हा पाना वापरू नये आणि ठेवताना त्याचा आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून स्प्रिंग मोकळी करावी. तो जवळ नसेल, तर मघाचा हिशेब उलटा लावता येतो: २५ सेंटिमीटरच्या पान्यावर ४० किलोंचा भार, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत शरीराच्या निम्म्याहून थोडे अधिक वजन, धक्का न देता एकदाच टाकायचे. त्यानंतर ५० ते १०० किलोमीटर अंतर कापून झाले, की चाक थंड असताना प्रत्येक नट पुन्हा एकदा तपासून घ्यावा. तोवर दबायचे ते दबून गेलेले असते, आणि एखादा नट पाव फेरा फिरलाच, तर हबवर काय अडकले होते ते चाक काढून पाहावे.