टाइप वन डायबेटिसमध्ये कार्ब्ज (कार्बोहायड्रेट्स) कमी केले की नेमकं काय होतं?

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं आणि उपाशीपोटी त्यात एकूण ग्लुकोज किती, तर 5 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. आता एका जेवणात पाव, बटाटे, थोडं फळ असं मिळून 60-70 ग्रॅम कार्ब्ज सहज पोटात जातात आणि त्यातल्या बहुतेकांचं पचून शेवटी ग्लुकोजच होतं. तरी ज्याचं स्वादुपिंड धड आहे त्याला काही कळतसुद्धा नाही, कारण त्यातल्या बीटा पेशी मिनिटामिनिटाला साखर बघून लागेल तेवढंच इन्सुलिन सोडतात आणि ते आधी थेट लिव्हरमध्ये जातं. टाइप वनमध्ये शरीराच्याच प्रतिकारशक्तीने या बीटा पेशी मारून टाकलेल्या असतात. मग हे काम पेशंटनेच करायचं, पेनने किंवा पंपाने, आणि तेही बहुतेक वेळा जेवायच्या आधी, अंदाजाने.

सगळी गोची या अंदाजात आहे. समजा एखाद्याचा हिशोब 10 ग्रॅम कार्ब्जला 1 युनिट असा बसलाय, ताटात 60 ग्रॅम आहेत असं वाटलं म्हणून त्याने 6 युनिट घेतले. पण रोज कोणी ताट तराजूत घालून जेवत नाही, पाकिटावरचे आकडेही तंतोतंत नसतात, 20 टक्के इकडेतिकडे झालं की झाली 12 ग्रॅमची चूक. मध्यम वजनाच्या माणसात 1 ग्रॅम ग्लुकोज शुगर (mg/dL मध्ये) साधारण 4 ते 5 ने वाढवतं, म्हणजे एवढ्यानेच 50-60 चा फरक पडला. त्यात परत इन्सुलिनची तऱ्हा वेगळी. तोच डोस, तोच माणूस, पण आज पोटावर टोचलं उद्या मांडीवर, आज टोचल्यावर चालणं झालं उद्या बसून राहिला, कातडीखालून रक्तात ते किती वेगाने उतरेल हे रोज थोडं वेगळंच, आणि डोस जेवढा मोठा तेवढा हा फरकही मोठा. दोन्ही चुका एकाच बाजूला पडल्या तर दोन-तीन तासांनी मीटरवर 220 दिसू शकतं, नाहीतर 55. सगळं सांगितल्याप्रमाणे करूनही असे आकडे आले की माणूस स्वतःलाच दोष देत बसतो, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

आता तेच गणित 10 ग्रॅम कार्ब्जच्या जेवणाचं करून बघा, अंडी, मासे, चीज, भरपूर पालेभाजी. अंदाज तितकाच चुकला, 20 टक्के, तरी चूक 2 ग्रॅमची, शुगरमध्ये फरक दहाच्या आसपास. अंदाज काही जास्त अचूक झालेला नाही, फक्त चूक लहान झाली. लो कार्बचा टाइप वनमधला मुख्य फायदा हाच आहे असं माझं मत आहे, वजन-बिजन नंतर.

हा विचार रिचर्ड बर्नस्टीन यांनी मांडला, त्याला ते लॉ ऑफ स्मॉल नंबर्स म्हणायचे. 1946 साली वयाच्या बाराव्या वर्षी त्यांना टाइप वन झाला, पुढे ते इंजिनियर झाले, आणि 1969 मध्ये हॉस्पिटलसाठी बनवलेला ग्लुकोमीटर त्यांनी डॉक्टर असलेल्या बायकोच्या नावाने मागवला कारण तेव्हा तो पेशंटला विकत मिळत नव्हता. दिवसातून अनेकदा स्वतःची शुगर मोजून कशाने किती वाढते हे त्यांनी शोधून काढलं, मग चाळिशीनंतर मेडिकलला जाऊन स्वतः डॉक्टर झाले. 2025 मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते गेले.

पुरावा म्हणाल तर 2018 साली पीडिअ‍ॅट्रिक्स या जर्नलमध्ये एक सर्व्हे आला होता. टाइप वन असलेली 316 मुलं आणि मोठी माणसं, दिवसाला सरासरी 36 ग्रॅम कार्ब्ज, सरासरी एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट, 5.67 टक्के. हा आकडा खरंच थक्क करणारा आहे. पण हे सगळे आपणहून हा आहार निवडलेले, शुगरवर बारीक लक्ष ठेवणारे लोक होते, ज्यांना जमलं नाही ते या सर्व्हेत आलेच नसतील, त्यामुळे प्रत्येकाला असंच जमेल असं त्यावरून म्हणता येत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. कार्ब्ज बंद केले म्हणून इन्सुलिन बंद करायचं नाही, कधीच नाही. 1922 मध्ये टोरांटोत पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन दिलं गेलं, त्याआधी टाइप वन झालेल्या मुलांना कडक उपासमारीच्या आहारावर ठेवायचे, त्याने मरण थोडं पुढे ढकललं जायचं एवढंच. न जेवतासुद्धा लिव्हर ग्लुकोज बनवत राहतं आणि अंगात इन्सुलिनच नसेल तर चरबी बेसुमार वितळून कीटोन्स वाढत जातात, रक्त आम्लधर्मी होतं, हेच ते कीटोअ‍ॅसिडोसिस, जीव जाऊ शकतो. लो कार्ब खाणाऱ्याच्या रक्तात थोडे कीटोन्स असतातच, 3 mmol/L च्या आत, ते वेगळं. पण उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास सुरू झाला आणि मीटरवर शुगर फार वाढलेली नाही म्हणून घरीच थांबलात तर घात होईल, कमी कार्ब्जवर शुगर फार न वाढताही कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. एसजीएलटी टू गटाच्या, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ही भीती आणखी जास्त.

दुसरी बाजू हायपोची, म्हणजे शुगर फार खाली जाण्याची. कार्ब्ज कमी आणि डोस तोच ठेवला तर पहिल्याच जेवणानंतर शुगर धाडकन खाली येईल, म्हणून डोस कसा आणि किती उतरवायचा हे सुरू करायच्या आधीच डॉक्टरांबरोबर बसून ठरवायचं. प्रीमिक्स इन्सुलिनवर तर हे जवळजवळ जमतच नाही कारण त्यात जेवणाचं आणि दिवसभराचं इन्सुलिन एकत्रच असतं, एक कमी करायला गेलं की दुसरंही कमी होतं. प्रोटीनचाही हिशोब धरावा लागतो, त्यातलं थोडं हळूहळू ग्लुकोज होऊन तीन-चार तासांनी शुगर चढते आणि झटपट काम करणारं इन्सुलिन तोवर उतरणीला लागलेलं असतं.

आणि लो कार्ब असलं तरी ग्लुकोजच्या गोळ्या खिशात हव्यातच. शुगर 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, 15 मिनिटांनी परत मोजायचं, तिथे चीज खाऊन भागत नाही. घरच्यांनाही एक गोष्ट सांगून ठेवा, पेशंट बेशुद्ध पडल्यावर देतात ते ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन लिव्हरमधली साठवलेली साखर बाहेर काढतं आणि या आहारात तो साठाच कमी असतो, त्यामुळे त्याचा परिणाम कमी होऊ शकतो. ते द्यायचंच, पण त्याच वेळी अँब्युलन्सही बोलवायची.