तळहातावरच्या अतरंगी खेळांचा उगम

पडद्यावर एक भलंमोठं नाक. खाली एक बोट तयारीत. नेमक्या क्षणी बटण दाबलं की बोट नाकपुडीत, आणि श्वास घ्यायच्या आत पुढचा खेळ सुरू. २००३ साली गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या खेळयंत्रावर आलेल्या ‘वॉरिओवेअर’मध्ये असे दोनशेच्या आसपास इवले खेळ आहेत, प्रत्येक जेमतेम काही सेकंदांचा. वर एका शब्दाचा हुकूम येतो, काय करायचं ते तुमचं तुम्ही ओळखायचं. चुकलात तरी हसूच येतं.

हा वेडेपणा अचानक कुणाच्या डोक्यात आला नाही. हा खेळ जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ज्या पहिल्या संशोधन विभागात तयार झाला, तो विभाग त्याआधी बरीच वर्षं गुनपेई योकोई यांनी चालवला होता. हातात मावणाऱ्या खेळांचा इतिहास शोधायला निघालं की कुठूनही सुरुवात करा, वाट या माणसाच्या दारावरून जातेच.

योकोई १९६५ साली निन्टेन्डोत लागले. तेव्हा ती क्योतोमधली पत्ते बनवणारी कंपनी होती आणि योकोईंकडे कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल होती. फावल्या वेळात त्यांनी एक लांबणारा चिमटा बनवला: मुठी दाबल्या की जाळीदार हात सर्रकन पुढे जातो आणि दूरची वस्तू पकडतो. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला आणि विकायलाच काढला. १९६६ सालचं ते ‘अल्ट्रा हॅन्ड’ दहा लाखांहून जास्त खपलं. माझ्या मते पुढचं सगळं या चिमट्यात आधीच दडलेलं आहे. वस्तू साधी, भाग स्वस्त, पण हातात घेतल्यावर खाली ठेववत नाही.

हातातले इलेक्ट्रॉनिक खेळ योकोईंच्या आधीही होते. मॅटेल या अमेरिकी खेळणी कंपनीने १९७६ साली ‘ऑटो रेस’ आणला, त्यात लाल ठिपके म्हणजेच मोटारी. १९७९ साली मिल्टन ब्रॅडलीच्या ‘मायक्रोव्हिजन’ने कार्ट्रिज, म्हणजे खेळ साठवलेली डबी, बदलण्याची सोय दिली. त्याचा पडदा मात्र १६ बाय १६ ठिपक्यांचा होता.

योकोईंना कल्पना सुचली ती बुलेट ट्रेनमध्ये. एक कंटाळलेला प्रवासी वेळ घालवायला कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसला होता. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या चढाओढीत त्या वेळी छोटे एलसीडी पडदे आणि चिप कमालीच्या स्वस्त झाल्या होत्या. १९८० साली याच मालातून ‘गेम अँड वॉच’ आलं. खिशात मावणारा एक खेळ, आणि सोबत घड्याळ. पहिला खेळ ‘बॉल’ होता. एक माणूस हवेत चेंडू झेलतोय, दोन बटणांनी त्याचे हात डावी-उजवीकडे न्यायचे. एवढंच.

असं एखादं यंत्र हाती लागलं तर उजेडात जरा तिरकं धरून पाहा. बंद पडद्यावरही त्या माणसाचे सगळे हात आणि चेंडूच्या सगळ्या जागा पुसटशा दिसतात. कॅल्क्युलेटरवरच्या आठच्या आकड्यात जसे सगळे आकडे लपलेले असतात, तसा अख्खा खेळ काचेत आधीच कोरलेला असतो. यंत्र फक्त आत्ता कोणता तुकडा काळा करायचा ते ठरवतं. खरं तर चेंडू सरकतच नाही, तो इथे विझतो आणि तिथे पेटतो, आणि आपलं मन मधली वाट भरून काढतं. टिकटिक करत येणाऱ्या त्या चेंडूत जी धाकधूक आहे, ती मला पुढच्या कितीतरी देखण्या खेळांत सापडलेली नाही.

या मालिकेतली ४ कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली. १९८२ सालच्या ‘डाँकी काँग’चं यंत्र मिटून खिशात टाकायचं होतं, त्यावर दिशा द्यायचा उभा दांडा (जॉयस्टिक) बसणं शक्य नव्हतं. म्हणून योकोईंनी डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं एक चपटं बटण बसवलं. आज जवळपास प्रत्येक गेम कंट्रोलरवर ते दिसतं.

आपल्या पद्धतीला योकोई ‘वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार’ म्हणत. वाळलेलं म्हणजे जुनं होऊन स्वस्त झालेलं, ज्याच्या सगळ्या खोड्या माहीत झाल्या आहेत असं. आडवा विचार म्हणजे ते भलत्याच कामाला लावणं. १९८९ सालचा गेम बॉय याच विचारातला: हिरवट पडदा, चारच छटा, मागे दिवासुद्धा नाही. त्याच सुमारास आलेल्या अटारी लिंक्स आणि सेगा गेम गियर या प्रतिस्पर्धी यंत्रांमध्ये रंग होते, पडद्यामागे दिवा होता, पण सहा सेल चार-पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली मॉस्कोत बनवलेला ‘टेट्रिस’ त्यावर आला आणि प्रश्नच मिटला. पडणाऱ्या ठोकळ्यांना रंग हवेत कशाला? गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांवर खपली.

टेट्रिसच्या धर्तीवरचे स्वस्त ‘ब्रिक गेम’ही नंतर हातोहाती पोहोचले. डब्यावर ९९९९ खेळ लिहिलेले असायचे, प्रत्यक्षात मोजकेच खेळ वेग आणि पातळी बदलून पुन्हा पुन्हा यायचे. तरी मुलांना ते पुरत.

१९९६ साली बांदाई या जपानी खेळणी कंपनीची ‘तामागोची’ आली. तीन बटणांचं अंडं, त्यात एक जीव. त्याला भरवायचं, त्याची घाण काढायची, नाहीतर तो मरायचा. इथे जिंकण्यासारखं काहीच नव्हतं, होती ती फक्त काळजी. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस नोकियाच्या ६११० या फोनवर तानेली आर्मान्तो यांनी लिहिलेला ‘स्नेक’ आला. साप खातो, वाढतो आणि आपल्याच शेपटीला धडकून मरतो. ज्यांनी कधी गेमचं यंत्र विकत घेतलं नसतं, त्यांच्याही हातात या फोनने खेळ ठेवला.

योकोई १९९७ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. पण त्यांच्यानंतरच्या दशकात हातातल्या यंत्राला खेळणं समजून वागणाऱ्यांना जणू ऊत आला. २००३ सालच्या ‘बोकताई’च्या कार्ट्रिजवर उजेड मोजणारा सेन्सर होता. रक्तपिपासू भुतांवर रोखायची बंदूक भरायची तर यंत्र घेऊन खरोखर उन्हात जाऊन उभं राहायचं. २००४ सालच्या निन्टेन्डो डीएस या वहीसारख्या मिटणाऱ्या यंत्राला दोन पडदे, स्पर्श आणि माइक मिळाला. त्यावर २००७ साली आलेल्या ‘झेल्डा’ या साहसी खेळमालिकेच्या भागात एका ठिकाणी वरच्या नकाशावरची खूण खालच्या नकाशावर उमटवायला सांगतात. तुम्ही पडदा घासता, टोचता, फुंकर मारता, काही होत नाही. शेवटी कंटाळून यंत्र मिटता आणि उघडता, तर खूण उमटलेली! शाईचा शिक्का कागदावर मिटून दाबावा तसं. ज्याने हे सुचवलं, त्याने यंत्र हातात घेऊन नुसतंच उघडझाप करत बराच वेळ घालवला असणार, असं मला नेहमी वाटतं.

२००८ च्या जुलैमध्ये ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं आणि एकट्यादुकट्या माणसाने बनवलेला खेळ थेट लोकांच्या खिशात जाऊ लागला. २००९ सालच्या ‘कॅनाबाल्ट’मध्ये माणूस आपोआप पळतो, आपण फक्त बोट टेकवून उडी मारायची. त्याच वर्षी फुकट ॲपमध्येही आतून खरेदीची सोय आली आणि वारं फिरलं. खेळ फुकट झाले, पण ते आपल्याला धरून ठेवू लागले. रोज हजेरी, संपणारी शक्ती, पैसे भरा नाहीतर थांबा. यात फार गमावलं, असं मला मनापासून वाटतं. व्हिएतनामच्या डाँग न्गुयेन यांचा ‘फ्लॅपी बर्ड’ २०१४ च्या सुरुवातीला शिखरावर होता. विसाव्याच्या चार क्षणांसाठी केलेला खेळ लोकांचं व्यसन झाला म्हणून त्यांनी तो फेब्रुवारीत स्वतःच काढून घेतला.

त्याच वर्षी जपानमधून ‘नेको आत्सुमे’ आला. अंगणात वाटीभर खाऊ आणि एखादं खेळणं ठेवायचं, आणि ॲप बंद करायचं. परत याल तेव्हा एखादं मांजर येऊन बसलेलं असतं, किंवा येऊन गेलेलं असतं आणि मागे मासे ठेवून गेलेलं असतं.

आणि २०२२ साली पॅनिक या कंपनीने ‘प्लेडेट’ काढलं. पिवळा चौकोनी डबा, काळापांढरा पडदा, आणि उजव्या बाजूला फिरवायचं एक हँडल. हे हँडल वीज तयार करत नाही, ते फक्त खेळासाठी आहे. केइता ताकाहाशी यांच्या खेळात एक यंत्रमानव उशिरा उठतो आणि मैत्रिणीला भेटायला निघतो. हँडल पुढे फिरवलं की त्याचा वेळ पुढे जातो, मागे फिरवलं की मागे. वाटेतल्या फुलपाखराला मात्र हा नियम लागू नाही, ते आपल्या गतीने येतच राहतं. यंत्रमानव फूल हुंगायला वाकतो, त्याच क्षणी हँडल धरून ठेवायचं, म्हणजे फुलपाखरू त्याच्या डोक्यावरून निघून जातं.