ब्रीदरचा धूर: जुन्या डिझेल ट्रकच्या एका उघड्या नळीची पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या आसपास हायवेलगतच्या गॅरेजात जुना ट्रक आला आणि मालक म्हणाला, "मेस्त्री, गाडी ऑइल खात्या," की मेस्त्री पाना उचलत नाही. इंजिन चालू ठेवून टॅपेट कव्हरवरचं ऑइलचं झाकण काढतो, तेच झाकण उलटं करून तोंडावर ठेवतो आणि बघत उभा राहतो. झाकण जागच्या जागी नुसतं थरथरलं तर अजून दिवस आहेत. उडून खाली पडलं तर, "हवा माराय लागलीया, रिंगा गेल्या." कुणी याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. कोणतंही यंत्र न लावता होणारी ही तपासणी ज्या वायूवर चालते, तोच वायू ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाला श्वास सोडायला दिलेल्या उघड्या नळीतून रात्रंदिवस बाहेर पडत असतो. ही नळी मुळात का आली, पेट्रोल गाड्यांतून ती गेली तरी डिझेल ट्रकला इतकी वर्षं का चिकटून राहिली, हे कळलं की तिच्याशी कसं वागायचं तेही कळतं.

पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या तरी त्यांना सांधा असतो, आणि त्या फटीतून जळलेला वायू थोडा तरी खाली चेंबरकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या पेटीकडे उतरतोच. डिझेलमध्ये हवा मुळातच सतरा-अठरा पट दाबली जाते, वर स्फोटाचा दाब. खाली उतरलेल्या या वायूबरोबर काजळी असते, तेलाचे धुक्यासारखे कण असतात आणि पाण्याची वाफ असते. १ लीटर डिझेल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण जे खाली उतरतं ते गार इंजिनात तेलात मिसळतं. आपल्याकडच्या डिझेलमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला १ टक्क्यापर्यंत गंधक असायचं. गंधकाचा धूर आणि पाणी एकत्र आले की आम्ल तयार होतं, आणि ते बेअरिंगला खातं. वायू बाहेर काढला नाही तर दाब वाढून तेल सील फोडून निघतं, ते वेगळंच. म्हणून वाट हवी.

वाफेच्या जुन्या इंजिनांना हा प्रश्न फारसा नव्हता, कारण त्यांचा क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, उघडाच फिरायचा आणि माणूस हाताने तेल घालायचा. वेग वाढला तसं तेल चौफेर उडू लागलं. १८९० मध्ये बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉरकॉम कारखान्यातल्या अल्बर्ट पेन यांनी पंपाने दाबाखाली तेल पोहोचवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. अशा पद्धतीला बंद पेटीच सोयीची. क्रँक पेटीत गेला आणि पेटीला श्वासाची वाट करून देणं भाग पडलं. या वाटेची सगळ्यात देखणी रचना मला लिस्टर या ब्रिटिश कंपनीच्या संथ इंजिनात दिसते. १९२९ साली आलेल्या या इंजिनाच्या ब्रीदरमध्ये एक पातळ चकती असते. पिस्टन खाली आला की ती उचलली जाऊन हवा बाहेर जाते, वर गेला की चकती बसते आणि हवा आत येऊ देत नाही. त्यामुळे पेटीत किंचित उणा दाब राहतो आणि सांध्यांतून तेल गळत नाही. पंचगंगेच्या काठाने उसाला पाणी देणाऱ्या ज्या घरांत असलं ऑइल इंजिन होतं, त्यांनी हे तत्त्व पुस्तकाशिवाय पाहिलेलं आहे. चकती अडकली की इंजिन लगेच तेलकट व्हायचं.

एकाहून अधिक सिलिंडरांच्या गाडीत एक पिस्टन वर जाताना दुसरा खाली येतो, त्यामुळे चकतीची युक्ती तितकी चालत नाही. तिथे आली खाली सोडलेली साधी नळी. तिचं तोंड तिरकं कापून मागच्या बाजूला ठेवायचं. गाडी धावू लागली की खालून जाणारा वारा त्या तोंडाशी ओढ निर्माण करतो आणि आतला धूर खेचून घेतो. स्वस्त, न बिघडणारी रचना. दोष दोन. एक, तेलाचे थेंब रस्त्यावर पडतात. जुन्या काळात लेनच्या मधोमध दिसणाऱ्या काळ्या पट्ट्याचं हे एक कारण. दुसरा दोष आपल्या भागाला जास्त लागू आहे. ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेग नसेल तर ओढ नावापुरतीच. कोकणातून भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आंबा घाट चढते, तेव्हा इंजिनावर सगळ्यात जास्त ताण असतो, रिंगांतून सगळ्यात जास्त वायू उतरत असतो आणि नळीला वारा मात्र मिळत नसतो.

पेट्रोल गाड्यांची उघडी नळी बंद झाली ती शहरातल्या हवेमुळे. लॉस एंजेलिसवर साचणारं डोळे झोंबवणारं धुरकं गाड्यांच्या न जळलेल्या इंधनातून आणि उन्हातून तयार होतं, हे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं. गाडीतून निघणाऱ्या अशा हायड्रोकार्बनपैकी साधारण पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे, तर क्रँककेसच्या, म्हणजे क्रँकच्या पेटीच्या नळीतून येत होता. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून आणि १९६३ पर्यंत साऱ्या अमेरिकेत नव्या मोटारींना पीसीव्ही व्हॉल्व्ह आला. तो धूर बाहेर न सोडता इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा घेण्याच्या वाटेत, ओढून पुन्हा जाळतो. कल्पना नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला असा व्हॉल्व्ह होता. चिखलात, ओढ्यात उतरणाऱ्या लष्करी गाडीला खाली लोंबणारी उघडी नळी परवडत नव्हती.

मग डिझेलला सूट का? याची कारणं इंजिनातच आहेत. पेट्रोल इंजिन दाबतं ते इंधन मिसळलेली हवा, म्हणून रिंगांतून कच्चं इंधनही खाली जातं. डिझेल नुसती हवा दाबतं आणि इंधन शेवटच्या क्षणी फवारतं, म्हणून त्याच्या ब्रीदरच्या धुरात हायड्रोकार्बन खूप कमी. शिवाय पीसीव्ही चालतो तो थ्रॉटलमागच्या, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या पडद्यामागच्या व्हॅक्यूमवर, आणि जुन्या डिझेलच्या इनटेकला थ्रॉटलच नाही. ओढायचं कशाने? हवा दाबून आत ढकलणारा टर्बो आल्यावर अडचण वाढली. तेलाचं धुकं टर्बोच्या पंख्यावर आणि ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरमध्ये बसतं, त्यावर काजळी धरते, हवा कमी पडते. सगळ्यात मोठी भीती वेगळीच आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, हवेतून जे जळण्याजोगं येईल त्यावर ते चालतं. झिजलेल्या इंजिनाचा ब्रीदर इनटेकला जोडला आणि तेल जास्त ओढलं गेलं, तर डिझेलचा पंप बंद केला तरी इंजिन स्वतःच्याच तेलावर पळत सुटतं. मग हवेचं तोंड बंद करण्याशिवाय उपाय राहत नाही. जुन्या गाडीचा ब्रीदर एअर फिल्टरच्या होजला जोडून "धूर बंद" करून देणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, हे करू नका.

चेंबरमधलं तेलाचं धुकं किती धोकादायक असू शकतं, ते सप्टेंबर १९४७ मध्ये बेलफास्टजवळ दिसलं. दुरुस्तीनंतरच्या चाचणीवर निघालेल्या रेइना देल पॅसिफिको या जहाजाच्या डिझेल इंजिनांत तापलेल्या पिस्टनमुळे क्रँककेसचा स्फोट झाला आणि २८ माणसं गेली. त्यानंतर जहाजांच्या इंजिनांना स्फोटाचा दाब सोडणाऱ्या झडपांचा आग्रह धरला गेला. ट्रकच्या छोट्या पेटीत असा प्रकार सहसा घडत नाही, तरी हवा मारणाऱ्या इंजिनाच्या झाकणाशी पेटती विडी नेणारा माणूस दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

आपल्याकडे १९५४ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. पुढे ६९७ सारखी इंजिनं त्याच घराण्यातून आली, आणि १९९३ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कमिन्समुळे ५.९ लीटरचं इंजिन आलं. शाहूपुरीत गूळ आणणाऱ्या, कारखान्याला ऊस ओढणाऱ्या गाड्यांत यांचंच राज्य होतं, आणि यातल्या जुन्या इंजिनांचा ब्रीदर सरळ हवेत उघडायचा. ते कुणाला गैर वाटलं नाही, कारण जगभर तसंच होतं. टर्बो असलेल्या जड डिझेल इंजिनांची सूट अमेरिकेत २००७ च्या मॉडेलपासून संपली. युरोपात युरो-६ ने ब्रीदरचा धूर एकतर आत वळवायला किंवा सायलेन्सरच्या धुरात धरून मोजायला लावला. तोच नियम १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ बरोबर इथे आला. नव्या गाड्यांत तेल वेगळं करणारा सेपरेटर असतो. जुन्या गाडीला तो नाही.

आमच्या घरच्या टाटा १६१३ ट्रकला केबिनमध्ये वास येतो म्हणून एका गॅरेजवाल्याने ब्रीदरच्या नळीत लाकडी बूच मारलं होतं. वास गेला. चौथ्या दिवशी क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल क्लच प्लेटवर आलं आणि गाडी घाटात मागे घसरायला लागली. वडिलांनी चाकाला दगड लावून रात्र काढली. त्या बुचाने धूर थांबला नव्हता, त्याने फक्त दुसरी वाट शोधली होती.

म्हणून वास त्रास देत असेल तर नळी लांबवून केबिनच्या मागे न्यावी, मूळ नळीपेक्षा बारीक नसावी, मध्ये झोळ पडून पाणी साचू नये. तेल रस्त्यावर सांडू नये असं वाटत असेल तर आत जाळी असलेली बाटली लावावी, पण बाटलीलाही वर मोकळं तोंड ठेवावं आणि ती वेळच्या वेळी रिकामी करावी. अमेरिकेतल्या पिकअपमध्ये याच ५.९ लीटर कुळातल्या काही इंजिनांची ब्रीदरची बाटली पुढे होती. तिच्यातलं तेल रेडिएटरवर उडून त्यावर धूळ बसायची, म्हणून मालक ती मागे हलवत. आणि हवा जास्त मारत असेल तर लगेच हाफ इंजिन उतरवायची, म्हणजे रिंगा बदलायला इंजिन खोलायची, घाई नको. ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर झिजला की तोही चेंबरमध्ये हवा ढकलतो, टर्बोचं सील गेलं तरी तेच. आधी हे दोन्ही तपासावेत.

खाली लोंबणाऱ्या नळीचा युद्धातल्या जीपला नडणारा दोष आपल्याला २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भेटला. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि ट्रक दिवसेंदिवस अडकले. इंजिनापर्यंत पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत त्याच नळीतून पाणी चेंबरमध्ये जातं. अशा गाडीला सेल्फ मारण्याआधी चेंबरचा नट हळूच सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड, तळाशी बसलेलं असतं. आत गेलं असेल तर नटातून आधी तेच येईल.