बॅक असूनही गोल करणारा जर्नेल : अण्णांच्या गोष्टींची पार्श्वभूमी

सांगली म्हणजे कुस्ती, कबड्डी आणि विजय हजारेंचं गाव. फुटबॉल बघायचा तर आमच्याकडची माणसं मिरजेला जायची, नाहीतर थेट कोल्हापूर गाठायची. पाटाकडील, दिलबहार अशा तालमींच्या फुटबॉल संघांच्या मॅचना. आमचे अण्णा त्यांतलेच. घरी आल्यावर गोल कुणी मारला ते शेवटी सांगायचे; आधी बॅकनं, म्हणजे बचाव करणाऱ्यानं, किती बॉल काढले त्याचं वर्णन. कुठल्याही बॅकचं कौतुक सुरू झालं की ते एकाच नावापाशी येऊन थांबायचं. जर्नेलसिंग.

जर्नेलसिंग धिल्लाँ यांचा जन्म 1936 चा, आज पाकिस्तानात असलेल्या लायलपूर भागातला. फाळणीत घरदार सोडून होशियारपूरकडे यावं लागलं तेव्हा ते अकरा वर्षांचे पोरगे होते. माहिलपूरच्या खालसा कॉलेजात खेळ घडला. पुढे कोलकात्यात आधी राजस्थान क्लब आणि 1959 पासून मोहन बागान. धिप्पाड देह, समोरच्याच्या पायातला बॉल काढून घेणारं बिनधास्त टॅकल. फॉरवर्डला धडकी भरवणारा स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध उभा राहणारा बॅक.

असा स्टॉपर भारतीय संघाला हवा होता, त्यालाही कारण आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपली बरीचशी पोरं अनवाणी खेळली आणि युगोस्लाव्हियानं 10-1 असं धुतलं. त्यानंतर बूट आले. हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी बचावाची घडीही बदलली. जुन्या दोन बॅकच्या मधोमध तिसरा उभा राहिला. 1956 ला मेलबर्नमध्ये भारत चौथा आला. 1960 च्या रोम ऑलिंपिकपर्यंत ती मधली जागा जर्नेल यांची झाली होती.

मग 1962 ची जकार्ता आशियाई स्पर्धा. अण्णांची गोष्ट खरी इथून रंगायची. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियानं 2-0 नं हरवलं. थायलंडला 4-1 नं हरवलं, पण जर्नेल यांचं डोकं फुटलं आणि टाके पडले. इथं अण्णा हमखास स्वतःच्या कपाळावरून मागं हात फिरवून पट्टी कशी बांधली असेल ते दाखवायचे. जपानविरुद्ध अरुण घोष यांनी स्टॉपरची जागा चोख सांभाळली. ती घडी मोडायची नाही आणि जर्नेललाही बाहेर ठेवायचं नाही, म्हणून रहीम यांनी त्यांना सेंटर फॉरवर्डला उभं केलं. जखमी बॅकला आघाडीवर धाडणं हा मला त्या स्पर्धेतला सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यांनी गोल केला. भारत 3-2 नं जिंकला.

4 सप्टेंबरची फायनल पुन्हा कोरियाशीच. स्टेडियममध्ये लाखभर माणसं, आणि जवळपास सगळी आपल्या विरोधात. इस्रायल आणि तैवानला इंडोनेशियानं स्पर्धेबाहेर ठेवलं, त्यावर भारताचे क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता, राग त्याचा. त्या गोंगाटात पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला, लगेच जर्नेल यांनी दुसरा. कोरियाचा एक गोल अगदी शेवटाकडे आला. 2-1. सुवर्ण.

रहीम आधीच कर्करोगानं खंगले होते. 1963 मध्ये ते गेले. जर्नेल यांना 1964 चा अर्जुन पुरस्कार मिळाला, आशियाई ऑल स्टार संघाचं कर्णधारपदही मिळालं. 2000 मध्ये कॅनडात त्यांचं निधन झालं. एवढा नावाजलेला गोल, पण अण्णा तो दोन वाक्यांत उरकायचे आणि पुन्हा टॅकलवर यायचे. "गोल काय, कुणीबी मारील. त्याच्या अंगावरनं बॉल घेऊन जाऊन दाखव म्हणावं," असं म्हणायचे.