पार्श्वभूमी : व्हॅनचं ऑइल आणि 'सिंथेटिक' नावाचा घोळ

स्पेअर पार्टच्या दुकानात व्हॅनसाठी इंजिन ऑइल मागितलं की काउंटरवरून दोन प्रश्न येतात. "वीस-चाळीस देऊ ना?" आणि "साधं, सेमी का फुल?" पहिला प्रश्न ओम्नीच्या काळापासून चालत आलाय, दुसरा त्यानंतर आला. बीएस-६ हे धुराचे नवे नियम आल्यानंतर एक तिसरा प्रश्नही विचारायला हवा होता. तो सहसा कुणी विचारत नाही.

ओम्नी १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली. शाळेसमोर मुलं उतरली की चालक सीट उचलायचा, डिपस्टिक ओढून चिंधीने पुसायचा, परत घालून बघायचा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल असलं की सीट खाली. खालच्या खुणेच्याही खाली गेलं असेल तर अर्धा लिटर 'वीस-चाळीस' ओतायचं. ते कुठल्याही गावात मिळायचं, आणि रिंगा झिजून ऑइल खायला लागलेल्या इंजिनाला ते थोडं जाड ऑइल मानवायचंही. तेव्हा या सवयीत चूक काही नव्हती. गाडी बदलली तरी सवय तशीच राहिली, गडबड तिथे झाली.

आकड्यांची ही पद्धत अमेरिकेतली, १९११ सालची. 'वीस-चाळीस' म्हणजे २०डब्ल्यू-४०, आणि त्यातला डब्ल्यू म्हणजे 'विंटर', हिवाळा. जाडीशी किंवा वजनाशी त्याचा संबंध नाही. २०डब्ल्यूची पंपाने खेचलं जाण्याची चाचणी उणे २० अंशांवर होते, ०डब्ल्यूची उणे ४० वर. मग महाराष्ट्रात या आकड्याचं काय काम, असं वाटतं खरं. पण सकाळी सहाला थंड इंजिन सुरू केल्यावर वरच्या भागापर्यंत ऑइल पोचायला किती वेळ लागतो, हे त्यावरच ठरतं. टॅपेट वाजतात ते त्या पहिल्या काही क्षणांत. दुसरा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा. इंधन वाचवण्याचे सरकारी निकष २०१७ पासून लागू झाले आणि २०२२ मध्ये आणखी कडक झाले. कंपन्या ३० आणि २० कडे वळल्या त्यात या निकषांचा मोठा वाटा आहे. पातळ ऑइल ही कंपनीची काटकसर आहे असं गॅरेजमध्ये अजूनही ऐकू येतं. नव्या इंजिनातल्या फटी आणि पंप त्या ऑइलच्याच हिशेबाने बेतलेले असतात, हे मात्र कुणी सांगत नाही.

खरा गुंता 'फुल सिंथेटिक' या शब्दात आहे.

बेस ऑइल म्हणजे बाकीची द्रव्यं मिसळण्याआधीचं मूळ तेल. त्याचे पाच गट मानले जातात. पहिले तीन कच्च्या तेलापासून शुद्ध केलेले, चौथा कारखान्यात रेणू जोडून बनवलेला, पाचव्यात एस्टरसह उरलेलं सगळं. सत्तरच्या दशकात मोटारींसाठी सिंथेटिक ऑइल बाजारात आलं तेव्हा सिंथेटिक म्हणजे असं जोडून बनवलेलं, ही समजूत पक्की होती आणि किंमतही त्याच हिशेबाने लागायची. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात एका मोठ्या कंपनीने आपल्या सिंथेटिक ऑइलमधला चौथा गट काढून तिसरा घातला. म्हणजे उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून रेणूंची रचना बदललेलं खनिज तेल. डब्यावरचा 'सिंथेटिक' शब्द कायम ठेवला. प्रतिस्पर्धी कंपनीने तक्रार केली. ती कोर्टात गेली नाही. जाहिरातींच्या दाव्यांवर निर्णय देणाऱ्या, उद्योगानेच चालवलेल्या एका मंडळापुढे गेली. १९९९ मध्ये निकाल लागला : प्रक्रियेत रेणूंची रचना पुरेशी बदलते, तेव्हा 'सिंथेटिक' म्हणायला वाजवी आधार आहे.

निकाल एका जाहिरातीपुरता होता, पण त्याने जगभरची लेबलं बदलली. तिसरा गट स्वस्त पडतो, कामगिरीत चौथ्याच्या जवळ जातो, मग बाकीच्या कंपन्याही तिकडेच वळल्या. जर्मनीत मात्र तिसऱ्या गटाच्या तेलाला 'पूर्ण सिंथेटिक' म्हणता येत नाही, त्याला वेगळं नाव आहे. म्हणजे एकच तेल सीमेच्या एका बाजूला फुल सिंथेटिक आणि दुसऱ्या बाजूला नाही. मंडळाने शब्द फारच सैल सोडला, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. तिसऱ्या गटाचं ऑइल वाईट असतं म्हणून नव्हे, ते चांगलंच असतं. पण त्या दिवसापासून 'सिंथेटिक' हा शब्द ग्राहकाला ऑइल कशापासून बनलंय हे सांगेनासा झाला. 'सेमी' तर त्याहून मोघम. त्यात सिंथेटिक किती टक्के हवं याचं सर्वमान्य प्रमाणच नाही.

आता तो राहिलेला तिसरा प्रश्न : ऑइल राखेच्या कुठल्या वर्गातलं? १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि डिझेलमधलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत दहा भाग) आलं. आधी गंधक जळून होणारं आम्ल मारायला ऑइलमध्ये क्षारीय धातूंची भरपूर द्रव्यं घालावी लागायची. ती जळून त्यांची राख होते. जुन्या डिझेल व्हॅनमध्ये ती राख सायलेन्सरमधून निघून जायची. नव्या व्हॅनमध्ये धुराच्या वाटेत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी असते. काजळी जाळता येते, राख जळत नाही, ती साचत राहते. म्हणून २००४ पासून युरोपात कमी राखेच्या ऑइलचा 'सी' वर्ग आला. त्यातल्या सी३ मध्ये राख ०.८ टक्क्यांपर्यंतच चालते. डब्यामागे बारीक अक्षरात छापलेला हा वर्ग मॅन्युअलशी जुळायला हवा. 'फुल सिंथेटिक' पुढे ठळक छापलेलं असतं, आणि मागे सीआय-४ हा डिझेल ऑइलचा अमेरिकी वर्ग असेल तर राखेची मर्यादा त्याला लागूच नाही.

या जाळीने डिपस्टिकचा अर्थही बदलला. काजळी जाळायला काही इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा जास्तीचं डिझेल सोडतात. शाळा-घर, घर-शाळा अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते जाळणं अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, आणि थोडं डिझेल दर वेळी रिंगांवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. ओम्नीवर हात बसलेला चालक अशा व्हॅनची डिपस्टिक काढतो, ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसतं. ही गाडी ऑइल अजिबात खात नाही, असं म्हणून तो खुशीत डिपस्टिक परत घालतो.